निर्माल्याची पिशवी

फार जुनी गोष्ट नाही. एका तळ्याच्या तळाशी, मऊ गाळात, एक म्हातारी शिंपली नातवंडांना घेऊन राहायची. एके दिवशी वरून निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी आली आणि नेमकी नातवंडांवर बसली.

शिंपलीनं सगळं बळ लावून ती ढकलून पाहिली. "कोण आहे रे आत? माझी लेकरं गुदमरताहेत, जरा सरक ना!"

आतला झेंडू रडवेला झाला. "आजी, मला हलता येत नाही गं. आम्ही कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून घरच्या माईंनी आम्हाला पाण्यात सोडलं."

"मग बाहेर ये, बाळा. या गाळात मिसळ. माझी पोरं तुझ्यावरच वाढतील."

"आलो असतो गं," झेंडू म्हणाला, "पण माईंनी पिशवीला फार मायेनं गाठ मारलीय. एक नाही, दोन."