तळं आटतानाचा आवाज

"एकशे बारा आवाज एकावर एक रचले, चाचा. तरी तळं आटत का नाही?"

विचारताना यशोधनचे डोळे लाल झाले होते. पुण्यातल्या स्टुडिओत त्याचा मोठा दबदबा. पण एका नाटकाच्या शेवटी तळं आटतं, त्या आवाजापुढे त्याने हात टेकले होते. दिग्दर्शकाने काम चार वेळा परत पाठवलं होतं. दरवेळी तेच वाक्य : पाणी ऐकू येतं, आटणं ऐकू येत नाही. पाचव्यांदा परत आलं की नाटक हातचं जाणार होतं.

उस्मानचाचा मिरजेतल्या आपल्या घराच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी नाटकांना आवाज पुरवले. आता उठायचाही कंटाळा.

"माईकच बरा नाहीये माझा," यशोधन म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं. दमलेल्या माणसाला तेवढाच आधार असतो.

चाचांनी कोपऱ्यातल्या रांजणाकडे बोट दाखवलं. नळ आल्यापासून तो कोरडाच होता.

"स्पीकर त्यात सोड. माईकबी सोड. वाजव, आन वाजलेलं परत भरून घे."

"रेकॉर्डिंगचं रेकॉर्डिंग?"

"हं."

एकदा भरून झालं.

"आता ते एकशे बारा पुसून टाक."

यशोधनची तीन महिन्यांची मेहनत होती ती.

"पुन्हा मागं जावं लागलं तर?"

"कुठं?"

त्याने पुसलं.

मग भरलेला आवाज रांजणात वाजवला आणि पुन्हा भरून घेतला. तो पुन्हा वाजवला, पुन्हा भरला. दर खेपेला काहीतरी झिजत गेलं. आधी बेडूक गेले, मग लाटा. शेवटी रांजणाच्या मातीची जाड घूं तेवढी राहिली.

"आणखी एकदा," चाचा म्हणत. दुपार कलली तरी तेच.

सहाव्या खेपेला यशोधनचा धीर सुटला. माईक चालू आहे हेही तो विसरला. रांजणाच्या काठावर कपाळ टेकून त्याने लांब उसासा सोडला.

"आता निम्म्या वेगानं वाजव," चाचा म्हणाले.

घूं पसरली, विरळ झाली. तिच्या तळाशी काहीतरी खरडत खाली गेलं, थोडा वेळ अडखळलं आणि थांबलं.

अख्खं तळं डोळ्यांदेखत भेगाळल्यासारखं वाटलं यशोधनला. मग त्याने तो आवाज ओळखला आणि कानकोंडा झाला.

"माझा उसासा शिरलाय त्यात, चाचा. चूक झाली. तेवढा काढून टाकतो."

चाचा कण्हत उठले. त्यांनी रांजणावर झाकण ठेवलं.

"काढ की. मग पुन्हा नुसतं पाणीच उरंल."