खुडूक पेटी

एका गावात एक भोळा रावबा होता. भोळी माणसं गावोगाव असतात, त्यांचा कुणाला त्रास नसतो. पण रावबा सांगितलेलं ऐकणारा भोळा होता, आणि तसला माणूस घराला फार महाग पडतो. एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरत नसे. ते कुठे वापरायचं, एवढंच त्याला कळत नसे.

त्याची बायको हौसा. तिची एक तांबडी कोंबडी होती. अंगानं भरलेली, स्वभावानं खाष्ट, पण अंड्याला कधी खाडा न करणारी. ती अंडी उबवायला खुडूक बसली असताना एका दुपारी मुंगसानं तिला अंड्यांवरूनच उचलून नेलं. त्या दिवशी हौसाला घास गिळवला नाही. तांबडी गेली ती गेली, निदान तिचा वंश तरी राहू दे, म्हणून तिनं बचत गटाची उबवणीची पेटी मागून आणली आणि कोमट होती तोवर ती मातकट अंडी आत ठेवली.

पेटीत एक बल्ब होता, एक तापमापक होता आणि काडेपेटीएवढा थर्मोस्टॅट होता. ऊब जास्त झाली की थर्मोस्टॅट बल्ब बंद करायचा, कमी झाली की लावायचा. कोंबडीचं काम करते म्हणून गाव तिला खुडूक पेटी म्हणू लागलं.

पिल्लं निघायला थोडे दिवस उरले आणि थर्मोस्टॅट बिघडला. बल्ब लागला तो विझेचना. हौसा पेटीला चिकटून बसली. तापलं की झाकण उघडायचं, निवलं की लावायचं. आता खरी खुडूक तीच झाली होती, तिला उठायची सोय नव्हती. ती पेटी बनवणारा लतीफ मिस्त्री पाय मोडून घरी पडलेला, त्यालाही येता येत नव्हतं. मग राहिला रावबा. हौसानं त्याला बजावलं, "मिस्त्रीकडं जावा आन् काय झालंय ते इचारून या. सवताचं डोकं लावू नगा."

रावबा गेला आणि आला.

"मोटारसायकल घसरली," तो म्हणाला. "नडगीचं हाड मोडलंय."

"कुणाचं?"

"मिस्त्रीचं. तूच इचारायला सांगितलंवतंस."

हौसानं कपाळाला हात लावला. जाईल तिथं आधी आपलं गाऱ्हाणं सांगायचं, आपली पेटी बिघडलीय हे सांगायचं, असं तिनं त्याला समजावलं.

"बरं, ध्यानात ठिवतो," रावबा म्हणाला.

त्यानं ते ध्यानात ठेवलं. वाटेत भेटेल त्याला तो पेटीचं सांगत गेला. पारावर बसलेल्यांना सांगितलं, ओढ्यात डुंबणाऱ्या म्हशीला सांगितलं, आणि शेवटी मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री म्हणाला, आधी बटण बंद कर, जरा थांब, मग परत लाव. निम्मे बिघाड तेवढ्यानंच पळतात.

येताना गुरवाच्या पोरीचं लग्न लागत होतं. भटजी माइकवर मंगलाष्टका म्हणत होते आणि कर्णा कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा केकाटत होता. हा बिघाड रावबाच्या लगेच लक्षात आला. त्यानं खांबावरचं मोठं बटण खाली ओढलं. माइक गेला, पंखे गेले, घामाघूम नवरदेव अंतरपाटाआड एकटाच पुटपुटत राहिला. रावबा बटणावर हात ठेवून जरा थांबला. जरा म्हणजे किती, हे मिस्त्रीनं सांगितलं नव्हतं, म्हणून तो थांबूनच राहिला. मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा नवरीच्या मामानं त्याची कॉलर धरली. मंगलकार्यात काही बंद करायचं नसतं, गुमान अक्षता घ्यायच्या आणि टाकायच्या, असं सांगून त्यानं रावबाच्या मुठीत अक्षता कोंबल्या.

"बरं, ध्यानात ठिवतो," रावबा म्हणाला.

घरी हौसा वाट बघत होती. मिस्त्री काय म्हणाला, असं तिनं विचारलं. रावबानं झाकण उघडलं, शुभमंगल सावधान म्हणाला आणि मूठ मोकळी केली. कुंकवाचे तांदूळ अंड्यांवर पडले, तापमापकावर पडले आणि थर्मोस्टॅटच्या फटीत जाऊन बसले.

हौसा एकेक दाणा वेचत बसली. यंत्रात काही पडलं तर फुंकर मारून साफ करायचं असतं, वरून टाकायचं नसतं, असं ती दात आवळून म्हणाली. मिस्त्रीनं सांगितलेलं बटणाचंही तिनं त्याच्याकडून कसंबसं काढून घेतलं आणि करून पाहिलं. बल्ब विझेना. मग तिनं त्याला पुन्हा मिस्त्रीकडे पिटाळलं.

शिंप्याच्या सुनेकडे त्या दिवशी माहेरची माणसं यायची होती. सकाळपासून खपून तिनं दारात रांगोळीचा मोर काढला होता, पिसाऱ्यातले डोळे तेवढे भरायचे होते. रावबाला दिसलं, की हिच्या दारात बरंच काही पडलंय. तो गुडघ्यावर बसला, गाल फुगवले आणि चोचीपासून शेपटीपर्यंत सगळं साफ केलं. शिंप्याची सून केरसुणी घेऊन आली. मग त्याचा चेहरा बघून तिला रडावं की हसावं कळेना. ती म्हणाली, "भावजी, असल्या कामाच्या जवळ जायचं न्हाई. लांबनं बघायचं आन् छान झालंय म्हणायचं."

"बरं, ध्यानात ठिवतो," रावबा म्हणाला, आणि केरसुणी उगारलेलीच होती म्हणून मिस्त्रीकडे न जाता घरी परत आला.

हौसाचे डोळे जागून लाल झाले होते. शेरडांना पाला टाकून येते, तोवर पेटीकडे बघा, असं सांगून ती गोठ्यात गेली. रावबा पेटीपासून लांब, पार समोरच्या भिंतीला टेकून बसला. बल्ब जळत होता. तापमापकाची रेघ वर चढली.

"छान झालंय," रावबा म्हणाला.

रेघ आणखी चढली. पेटीच्या फळीला तापल्याचा वास सुटला.

"लईच छान झालंय," रावबा म्हणाला.

हौसा धावत आली. तिनं झाकण फेकलं आणि पदरानं वारा घालत सुटली. मग एकेक अंडं बॅटरीच्या उजेडात धरून पाहिलं. आत काहीतरी हललं. दुसऱ्यातही हललं. तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला आणि ती तिथंच बसून रडली. रावबालाही वाईट वाटलं, पण छान म्हणण्यापलीकडे काय करायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता मात्र हौसानं स्वतःच थर्मोस्टॅट काढला आणि त्याच्या हातात दिला. "ह्ये मिस्त्रीला द्या. वाटंत थांबायचं न्हाई, कुणाचं ऐकायचं न्हाई."

आणि खरंच, ह्या खेपेला सगळं सुरळीत झालं. रावबा नाकासमोर चालत गेला. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट उलटासुलटा करून पाहिला, गॅरंटीत आहे म्हणाला आणि नवा दिला. वर नीट समजावलं, "ह्यो बी कधी तडकला, आतनं आवाज आला, तर ठोकाठोक करायची न्हाई. हाय तसा उचलायचा आन् दुकानातनं बदलून आणायचा."

"बरं, ध्यानात ठिवतो," रावबा म्हणाला.

नवा थर्मोस्टॅट बसला. बल्ब लागला, आपोआप विझला, पुन्हा लागला. हौसा कितीतरी वेळ ते बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "आज शाण्यावानी वागलात. असंच करत जावा." असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. रावबा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला.

पिल्लं निघायचा दिवस आला. हौसा सकाळीच पिल्लांसाठी कण्या भरडून आणायला गिरणीत गेली. जाताना म्हणाली, कायबी झालं तर परवासारखंच शहाण्यासारखं करा.

गिरणीत गर्दी होती. ती आली तेव्हा रावबा उंबऱ्यात बसला होता, परवापेक्षाही खुशीत. तिनं घाईनं झाकण उघडलं. आत अंडी होती. पांढरी, गुळगुळीत, सगळी एका मापाची.

"ही कुठली अंडी?"

"बदलून आणली," रावबा म्हणाला. "तुझी समदी तडकली. एकामागं एक. आन् आतनं चिवचिव आवाज बी यायला लागला. म्या ठोकाठोक केली न्हाई. हाय तशी पाटीत घातली आन् चौकातल्या अंडीवाल्याकडं नेली."

हौसानं एक पांढरं अंडं उचलून पाहिलं. "आन् त्यानं घेतली?"

"लई भला माणूस. गॅरंटीचा कागद बी मागितला न्हाई. तेवढीच नवी दिली. वर म्हणाला, रावबा, परत तडकली की सरळ माझ्याकडंच या."

हौसाच्या हातून कण्यांचं सूप सुटलं आणि ती अनवाणीच चौकाकडे पळत सुटली.

पेटीतला बल्ब आपोआप विझला. रावबानं खाली पाहिलं. जमिनीवर पांढऱ्याशुभ्र कण्या रांगोळीसारख्या लांबवर पसरल्या होत्या. तो उठला, त्यांना वळसा घालून गेला आणि समोरच्या भिंतीला टेकून बसला.

"छान झालंय," तो म्हणाला.