कोंबडा किती वेळा आरवला?

“मग कोंबडा एकदा आरवला की दोनदा, तेवढं तरी सांगा, फादर!”

नेल्सन कुटिन्होचा आवाज जरा चढलाच. वसईकडच्या एका वाडीत, चर्चच्या मागच्या परसात, म्हातारे फादर बस्त्याव कोंबड्यांना कणी टाकत होते. येत्या रविवारी नेल्सनला धर्मगुरूची दीक्षा मिळायची होती. घरी मांडव घातलेला, आईला पाहुण्यांपुढे श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि हा पठ्ठ्या सांगायला आला होता की मी दीक्षा घेणार नाही!

“कुठला कोंबडा?” फादर म्हणाले. “माझा मेला तर दिवसभर आरवतो.”

“चेष्टा नको, फादर. येशू म्हणतो, ‘कोंबडा आरवायच्या आत तू मला नाकारशील’, आणि त्याचा पट्टशिष्य पेत्र खरंच ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणतो, तेव्हाचा. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांपैकी मार्क लिहितो, दोनदा आरवला. बाकीचे तिघे म्हणतात, एकदा. पेत्राला हटकलं कुणी, त्यातही चौघांच्या चार तऱ्हा. पुण्याला सेमिनरीत, धर्मगुरूंच्या विद्यालयात, मी हेच शिकलो. आधी कोणी लिहिलं, कोणी कुणाचं उचललं, मागाहून काय घुसडलं. सगळं तपासून घ्यावं, हे तुम्हीच शिकवलंत ना? घेतलं तपासून. हाती काय आलं? भोपळा!”

“छान तपासलंस रे.”

फादर खरंच खूश दिसले. नेल्सन आणखीच चिडला. तो ओरडा खायच्या तयारीने आला होता.

“चर्चची स्मरणिका तूच केलीस ना?”

“हो.” नेल्सनची मान ताठ झाली. त्या अंकाचं गावभर कौतुक झालं होतं.

“जुन्या चर्चच्या आगीचं कसं जमवलंस? म्हाताऱ्यांनी नाना तऱ्हेने सांगितलं असेल.”

“सगळ्यांचं मिळून एक केलं. वाचणाऱ्याचा गोंधळ कशाला? झावळ्यांच्या छपराला आग लागली, लोकांनी क्रूस बाहेर काढला. बस्स.”

“आणि गाळलंस काय?”

नेल्सन चपापला.

“…आमचे पणजोबा.”

“का बरं?”

“चर्चची राखण त्यांच्याकडे होती. आग बघितली आणि मागच्या दाराने पळाले. पुढे तेच गावाला प्रार्थना शिकवायचे. असलं कोण छापतं, फादर? आईला काय वाटलं असतं?”

“कोणी नाही छापत.” फादरांनी हात झाडले. “मग तुला कळलं कसं? पळताना कुणी बघितलं होतं त्यांना?”

“छे! धुरात कुणाला काय दिसणार? त्यांनीच…”

नेल्सन थांबला.

“त्यांनीच सांगितलं. दर सणाला, अख्ख्या गावासमोर. सांगताना रडायचे म्हणे.”

कोंबडा पायाने माती उकरत होता.

“येशूला पकडून नेलं त्या रात्री पेत्र ज्या अंगणात होता, तिथे कोण कोण होतं?”

“शिपाई होते. मोलकरीण होती. आणि… चौघांतला योहान म्हणतो, आणखी एक शिष्य होता.”

“असेल. त्याने सांगितलं म्हण. पण पेत्र पुढे सगळ्यांचा पुढारी झाला. त्याच्या एका शब्दावर ती गोष्ट…”

“गाळता आली असती,” नेल्सन हळूच म्हणाला. “गाळली नाही.”

लगेच त्याच्यातला अभ्यासक जागा झाला. “पण याने सिद्ध काहीच होत नाही, फादर. रचलीही असेल कुणी.”

“नाही होत सिद्ध. शोध की. मी तरी कुठे थांबलोय?” फादरांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. “पण ते पान आलं ना, की मी अशी टोपी काढतो. लिहिणाऱ्यांनी तो एकदा-दोनदाचा घोळ निस्तरला नाही, आपल्यासाठी तसाच ठेवला. काय उपकार आहेत रे त्यांचे!”

नेल्सनचा ऊर भरून आला. ज्यांनी आपल्याला फसवलं असं तो समजत होता, ती कुठली कोण माणसं त्याला आज घरची वाटली. त्यांच्यात पणजोबाही होते. त्याने मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले.

“फादर…”

“बोल.”

“पुण्यात सेमिनरीबाहेरच्या मित्रांनी विचारलं होतं, तू धर्मगुरू होणार ना? मी म्हटलं, छे, माझा काय संबंध चर्चशी!” त्याने मान खाली घातली. “एकदा म्हटलं की दोनदा, ते आता मलाच आठवत नाही.”

फादरांनी उरलेली कणी त्याच्या ओंजळीत ओतली. कोंबडा धिटाईने त्याच्या पायाशी आला.

“रविवारी कोंबडा आरवायच्या आत मी चर्चचं दार उघडतो,” फादर म्हणाले. “पण आरवून गेल्यावर आलास ना… तरी ये.”