पाणी कधी चढलं?

“पण बाई, मूल प्रश्न विचारायचं थांबतं कशानं?”

चौगुले बाई तांदूळ निवडत होत्या. एक खडा त्यांनी अंगणात भिरकावला.

“कोण थांबलंय?”

“आमची रेवू. आठ दिवस झाले. काहीही सांगा, ‘हो आई’. नुसतं ‘हो आई’.”

“बरंय की. अशा लेकीसाठी बायका नवस बोलतात.”

हर्षदाला हसू आलं नाही. शाळेत तिला विज्ञान शिकवलं ते याच बाईंनी. पुढं ती भौतिकशास्त्रात एमएस्सी झाली, पहिल्या वर्गात. आणि आज, सात वर्षांच्या लेकीच्या तोंडातलं ‘का’ हरवलं म्हणून, कोल्हापूरहून एसटीनं गडहिंग्लजला आली होती. लेक पडवीच्या पायरीवर हाताची घडी घालून बसली होती. तिचं ते शहाण्यासारखं बसणंच हर्षदाला बघवत नव्हतं.

“झालं काय?”

“घरी प्रयोग करून दाखवला तिला. ताटलीत पाणी, मधे मेणबत्ती, वर काचेचा पेला पालथा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढतं. मी सांगितलं, प्राणवायू जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. तर म्हणते, मग जळताना हळूहळू का नाही चढलं?”

“आणि तू?”

“...पुस्तकात असंच दिलंय म्हणाले. दोनदा. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.”

बाई उठल्या. ताटली, पेला, मेणबत्तीचा तुकडा, काडेपेटी आणून सतरंजीवर ठेवली. पाण्यात चिमूटभर कुंकू टाकलं. मग पायरीकडे बघून म्हणाल्या, “ये गं ठमे, इथं बस.”

रेवू येऊन बसली. थोडी लांबच.

“कर,” बाई हर्षदाला म्हणाल्या.

हर्षदानं मेणबत्ती लावली, पेला पालथा घातला. ज्योत बारीक झाली, विझली. लाल पाणी पेल्यात चढलं.

“पाणी कधी चढलं?”

“मेणबत्ती जळताना... म्हणजे विझली तेव्हा... साधारण.”

“साधारण?”

हर्षदा आता पेल्याकडे बघू लागली.

“डोळे कुठं होते तुझे?”

“...रेवूकडे. तिला कळतंय का, ते बघत होते.”

“घरी तालीम केली होतीस?”

“दोनदा. ती शाळेत गेल्यावर.” तिनं मान खाली घातली. “तिच्यासमोर फसला असता तर?”

“मग बाई गं, तो नाटकाचा प्रयोग झाला. संवाद पाठ, शेवट ठरलेला, नजर प्रेक्षकांवर. टाळ्या तेवढ्या राहिल्या.”

रेवू फिसकन हसली. आठ दिवसांनी.

हर्षदाचे कान तापले. पण तिनं पुन्हा काडी ओढली. या वेळी ती पार कोपरांवर वाकली. नाक ताटलीला टेकायचं राहिलं होतं.

पेला टेकला तसे काठाखालून दोन बुडबुडे निसटले.

ज्योत जळत होती. पाणी जवळजवळ जागचं हललं नाही.

ज्योत लहान झाली. पाणी तिथंच.

ज्योत विझली, धुराची रेघ उठली... आणि पाणी भसकन वर आलं.

“अगं बाई! खरंच की. ही विझल्यावर चढतंय! मग प्राणवायूचं काय? आणि ते बुडबुडे कसले?”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघतंय.

“आई, तुला माहीत नाही?”

खोटं बोलायला हाताशी एक अख्खं पुस्तक होतं. पहिला वर्गही होता.

“नाही गं, रेवू. मला वाटलं होतं, माहीत आहे.”

रेवू सरकत आली. आईच्या दंडाला दंड लावून बसली, आणि पेल्यावर बोट टेकवून बघितलं.

“आई, हा गरम का झालाय?”

“झालाय? बघू...”

“परत करू या. आता मोठा पेला घेऊ. नाहीतर दोन मेणबत्त्या!”

हर्षदाला उत्तर हवं होतं, ताबडतोब. तिनं मान वळवली. सतरंजीवर बाई नव्हत्या. त्या केव्हाच पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, यांच्याकडे पाठ करून, सुपात तांदूळ पाखडत होत्या.

“बाई! तुम्ही तरी सांगा ना. तुम्हाला तर येत असेल उत्तर.”

“येतं की,” बाई वळल्याही नाहीत. “म्हणून तर उठले.”