तिघांना तीन होकार

नदीकाठच्या एका गावात ऊस इतका उंच वाढायचा की वरून जाणाऱ्या कावळ्यांना पाय पोटाशी घ्यावे लागत. त्या गावात एक कारभारी राहत होता. माणूस मनाने चांगला, पण समोरच्याचा पडलेला चेहरा त्याला बघवत नसे. कुणी काही मागितलं की मान आधी हलायची आणि विचार मागाहून यायचा. हलून हलून ती मान एवढी सैल झाली होती की पटक्यावर माशीसुद्धा बसायला धजत नसे.

त्या वर्षी गावाच्या गुऱ्हाळाची जुळवाजुळव त्याच्या गळ्यात पडली. गुऱ्हाळ गावात एकच. साऱ्यांचा ऊस तिथेच गाळायचा, रस तिथेच उकळायचा. काम तिघांच्या हातात: ऊस तोडणाऱ्या टोळीचा मुकादम, ऊस पिळायचा चरक फिरवणाऱ्या बैलांची मालकीण आणि रसाचा गूळ करणारा म्हातारा गुळव्या. तिघं तीन गावची. तोडलेला ऊस लवकर सुकतो, आणि काढलेला रस तर दुपारीच आंबायला लागतो. म्हणून तिघं पाठोपाठ हजर हवेत. चुकलं, तर गावाचा वर्षाचा गूळ गेला.

कारभारी आधी मुकादमाकडे गेला.

"सोमवारीच कोयता लावणार," मुकादम म्हणाला. "शुक्रवारी आमच्या गावची जत्रा. त्याआधी पोरं घरी पोचली पाहिजेत."

"हो हो, सोमवारीच."

मग तो बैलवाल्या मावशीकडे गेला.

"सोमवारी माझे बैल जू घेत नाहीत, महादेवाचा वार आहे," ती म्हणाली. "मंगळवारी आणते. पण आल्या आल्या चरक सुरू झाला पाहिजे. उभे करून ठेवायला ते काय जावई आहेत?"

"हो मावशी, आल्या आल्या."

शेवटी गुळव्या. त्याचं नाक असं की वाफेचा वास घेऊन तो सांगे, हा ऊस कुणाच्या शेतातला आणि त्या घरात नवराबायकोचं भांडण चालू आहे की मिटलं.

"बुधवारपर्यंत मी इथल्या गुऱ्हाळावर अडकलोय," तो म्हणाला. "गुरुवारी येतो."

"हो आबा, गुरुवारी या. घाई कसली."

कारभारी घरी आला. बायकोने भाकरी वाढली, पण तो तिचे नुसते तुकडे करत बसला.

"तिघांना एकमेकांचं सांगितलंत का?" तिने विचारलं.

"सांगितलं असतं तर तिघंही रुसले असते."

"आणि आता?"

"होईल कुणीतरी मागंपुढं," तो म्हणाला. म्हणताना त्यालाही ते खरं वाटलं नाही.

कुणीही मागंपुढं झालं नाही. सोमवारी टोळीने कारभाऱ्याच्या शेजाऱ्याचं शेत आडवं केलं. मंगळवारी मावशी बैल घेऊन आली आणि बोलल्याप्रमाणे चरक सुरू झाला. रस काहिलीत, म्हणजे त्या भल्यामोठ्या कढईत, पडू लागला.

"गुळव्या कुठं आहे?" मावशीने विचारलं.

"येतायत. ओढ्यापाशी आलेत." आता हे खोटं कुठून तोंडात आलं, कारभाऱ्यालाच कळलं नाही.

तो टेकाडावर चढून रिकामा रस्ता बघून आला. ऊन चढलं. रसावर फेस धरायला लागला.

"कुठवर आले?"

"ओढाच ओलांडतायत."

"ओढा एवढा रुंद कधी झाला रे?" मावशी म्हणाली.

दुपारी आंबूस वास सुटला तसा कारभाऱ्याने घाबरून स्वतःच चुलवाण पेटवलं. जे तयार झालं ते गूळही नव्हतं आणि काकवीही नव्हती. गावातल्या एका कुत्र्याने ते चाटलं, तर त्याचा जबडा जो चिकटला तो पंधरवडाभर सुटला नाही. त्या पंधरवड्यात चोर आले असते तर दोन दिवस मुक्काम करून गेले असते.

ज्याचा ऊस होता तो शेजारी आला. काहिलीत एक बोट बुडवलं, धोतराला पुसलं आणि म्हणाला, "बरं." एवढंच म्हणून तो निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर कारभाऱ्याला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात पलीकडून कोयत्यांचा आवाज आला. टोळी दुसऱ्या शेतात शिरत होती. कारभारी धावत सुटला. धावताना डोक्यात नवी थाप तयार होत होती: पाटलांनी थांबवलंय म्हणावं, ऊस अजून कच्चा आहे म्हणावं. पण मुकादमासमोर उभा राहिला तेव्हा त्याला शेजाऱ्याचं ते पुसलेलं बोट आठवलं.

"थांबा मुकादम," तो म्हणाला. "गुळव्या गुरुवारी येणार आहे. मी तुम्हा तिघांना तीन वेगळे होकार दिलेत. चूक माझी आहे."

मुकादमाने कोयता खाली केला. मागून आलेल्या मावशीने ते ऐकलं होतं.

"म्हणजे ओढ्यापाशी कुणीच नव्हतं?"

"कुणीच नव्हतं मावशी."

तिने पदर खोचला. मग म्हणाली, "गाडी जुंप. मुकादम, तुम्हीही चला. गुळव्या आहे तिथं जाऊ."

शेजारच्या गावात गुळव्या काहिलीपाशी उभा होता. रस उकळत असताना त्याला हलता येत नव्हतं.

"काहील उतरायच्या आत बोला," तो म्हणाला. "ती उतरली की मी कुणाचा नाही."

वाफेत उभं राहून मुकादम, मावशी आणि गुळव्या बोलू लागले. आता हे एकमेकांच्या अंगावर धावून जाणार, अशी कारभाऱ्याची खात्री होती.

"तुम्हाला सोमवारच का हवा होता?" मावशीने मुकादमाला विचारलं.

"सोमवारचं काय एवढं? पोरांना जत्रा चुकायला नको. आधी जत्रा करून आलो तरी चालेल. पण कुणी विचारलंच नाही."

"मग जत्रेनंतरच्या सोमवारी तोडा. माझे बैल त्या दिवशी बसूनच असतात. मंगळवारी सकाळी ताजा ऊस चरकात जाईल."

"आणि मला मधे चार दिवस पाठ टेकायला मिळेल," गुळव्या म्हणाला. त्याने पळी उचलून रसाची तार बघितली. "झालं. व्हा बाजूला."

काहील उतरायच्या आत सगळं ठरलं होतं.

कारभाऱ्याने आपल्या शेतातला उभा ऊस शेजाऱ्याच्या नावे केला. शेजारी पुन्हा "बरं" म्हणाला, पण या वेळी बसून पाणी प्यायला.

ठरल्या मंगळवारी गूळ असा बसला की ढेप उचलायला दोन माणसं आणि खाली ठेवायला चार लागली. ऐन गडबडीत पाटील आले आणि कारभाऱ्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "उद्या आमचा ऊस मधे घ्या की. कुणाला सांगायचं काय कारण?"

कारभाऱ्याची मान सवयीने हलू लागली. त्याने ती हाताने धरली आणि हाक मारली, "मावशी, मुकादम, आबा, जरा इकडं या. पाटलांचं काहीतरी म्हणणं आहे. त्यांच्याच तोंडून ऐकू."

तिघं हात पुसत आले आणि पाटलांसमोर उभे राहिले.

"काही नाही," पाटील म्हणाले. "गूळ बघायला आलो होतो."

या गोष्टीतून घेण्यासारखं तात्पर्य असं: ज्यांची कामं एकमेकांवर अडतात, त्यांना वेगवेगळं गाठून होकार वाटू नयेत. एकत्र बसवून अडचण खरी खरी सांगावी. तोडगा बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतो.