नितकोरभर लाज

जिथे बकुळीची फुलं भर दुपारीही चांदण्यांसारखी लुकलुकतात, अशा एका गावात वेणू, तिची धाकटी बहीण चिंगी आणि त्यांची आई राहत. आई लोकांची धुणीभांडी करी. घरात बहुधा एकच भाकरी असे. अर्धी आईची. उरलेल्या अर्धीतली अर्धी वेणूची, अर्धी चिंगीची. त्या तुकड्याला गावात चतकोर म्हणत.

शाळेत सगळे वर्ग एकाच खोलीत बसत. एकदा बाईंनी विचारलं, अर्ध्याला अर्ध्याने गुणलं तर किती? कुणी एक म्हणालं, कुणी दोन. गुणलं की वाढतं, असंच सगळ्यांना वाटत होतं. तेवढ्यात कोपऱ्यातून चिमुकली चिंगी म्हणाली, "चतकोर."

वर्ग खो खो हसला. "हिनं अख्खी भाकरी कधी पाहिलीय का?" पुढे बसलेला सदू म्हणाला. गणितात भाकऱ्या नकोत, असं म्हणत बाईंनी चिंगीला खाली बसवलं. आणि वेणूसुद्धा हसली. आपल्याकडे कुणी पाहू नये म्हणून सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसली. चिंगीने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली.

घरी जाताना चिंगीने वेणूचा हात धरला नाही.

वेणू बकुळीच्या बागेत गेली आणि फुलांना सगळं सांगत रडली. तिचा एक आसू इवल्याशा फुलावर पडला. फूल थरथरलं, आणि त्यातून मोरपंखी पंखांची नाजूकशी परी बाहेर आली. तिच्या कपाळावर दवाचा टपोरा थेंब चमकत होता.

"तीन इच्छा माग," परी म्हणाली. "पण मी काहीच पुरतं देत नाही की पुरतं नेत नाही. फक्त अर्ध्याने गुणते."

"माझी लाज घेऊन जा," वेणू पुटपुटली.

परीने तिच्या छातीतून लाज काढली. करपलेल्या भाकरीसारखी ती गोल आणि काळी होती. परीने ती मोडली. अर्धी सोनेरी फुलपाखरू होऊन उडाली, अर्धी वेणूच्या हातावर राहिली. वेणूने पुन्हा तेच मागितलं. अर्धीची अर्धी झाली.

"बघ, गुणलं तरी कमीच झालं," परी म्हणाली. "अर्ध्याला अर्ध्याने गुणायचं म्हणजे अर्ध्याचं अर्धं करायचं. तुझ्या बहिणीला कुणी शिकवलं हे?"

"आईने. रोज वाढताना."

तिसऱ्यांदा चतकोराचीही अर्धी झाली. हातात नितकोर उरली, बोटाच्या पेराएवढी, पण केवढी जड.

"ही मला मोडता येत नाही," परी हळूच म्हणाली. "जिथे उचललीस तिथेच ठेवावी लागेल."

दुसऱ्या दिवशी ती नितकोर मुठीत धरून, कुणी न विचारता वेणू वर्गात उभी राहिली. तिचे कान लालबुंद झाले होते.

"बाई, चिंगीचं उत्तर बरोबर होतं. अर्धीची अर्धी म्हणजे चतकोर, म्हणजेच पाव. मीही घरी तेवढीच खाते. तरी काल मी तिला हसले."

कुणीच हसलं नाही. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पाव' लिहिलं आणि त्याच्या शेजारी 'चतकोर'. काल आपलंच चुकलं, असं त्या चिंगीला म्हणाल्या. मग त्यांनी चतकोराची अर्धी किती ते विचारलं. "नितकोर," खाली बघत सदू म्हणाला. "आमची आजी म्हणते."

वेणूची मूठ आपोआप उघडली. आत काहीच नव्हतं.

चिंगीने सरकून आपल्या बसायच्या चटईवर अर्धी जागा केली. "ताई, इथे ये."

खिडकीत मोरपंखी पंख क्षणभर फडफडले, खोली सोनेरी उजेडाने भरून गेली, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.