राजाने उराशी धरलेली डबी

एक होता राजा. राजा कसला, संशयाचं गाठोडं! राणीने दूध दिलं तरी आधी मांजराला पाजायचा. मांजराचं पोट भरायचं, हा आपला उपाशी!

मग एकदा काय झालं, त्याला वाटलं, आपली सोन्याची मुद्रा चोरीला जाणार. त्याने बोलावलं येसू सुतारणीला. इवल्याशा नक्षीच्या डब्या कराव्यात तर येसूनेच, बरं का. तिने सातासमुद्रापलीकडची लाकडं घेतली. काळ्याची डबी केली, तांबड्याचं झाकण, वर पिवळ्या लाकडाची फुलं बसवली. ना कडी, ना कुलूप, पण झाकण असं चपखल की आत मुंगी शिरायची नाही.

"महाराज, हिला कोरडी ठेवा हं," येसू म्हणाली.

ऐकतोय कुठला! मुद्रा आत टाकली आणि डबी धरली उराशी. जेवताना उराशी, दरबारात उराशी. झोप तर सोडलीच त्याने! आठ दिवसांनी बघतो तर झाकण निघेना. ओढलं, आपटलं, छे!

राजा कडाडला, "सुतारणीनेच डाव साधला! तीन दिवसांत उघडली नाही तर तोडा हिचा अंगठा!"

आता अंगठा गेल्यावर बिचारीने रंधा धरायचा कसा, सांगा बरं? येसूला रडूच कोसळलं. पण डबी हातात घेतली तर काय, ओलसर! डोळे पुसून ती म्हणाली, "महाराज, कुणाकडे तरी सोपवा ही. अख्खा एक दिवस हात लावू नका."

मग डबी दिली प्रधानाकडे. प्रधान शिंकला. ही कुणाला खूण तर नव्हे? राजाने डबी ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी दिली सेनापतीकडे. तो शिंकलाच नाही. एवढा गप्प का हा? घेतली परत!

तिसऱ्या दिवशी राणी म्हणाली, "माझ्या चुलीवरच्या फळीवर ठेवा." राजा दाराशीच बसला. राणी हसली का? भांडं का वाजलं? पण इतक्या रात्रींचा जागा तो, बघता बघता घोरायला लागला.

संध्याकाळी झाकण आपोआप सैल झालं. मुद्रा आत जशीच्या तशी!

"चोर नव्हता हो कुणी," येसू म्हणाली. "तुमच्याच घामाने लाकूड फुगलं."

राजा ओशाळला. येसूच्या अंगठ्यात त्याने आपल्या हाताने सोन्याचं वळं घातलं. मग राणीने दूध दिलं, ते गटागटा प्यायला. मांजर तेवढं रुसलं!

बाकी सगळे सुखात राहिले. मिटा आता डोळे. आणि चिंगे, मुठीतली ती चिंचेची गोळी ठेव वाटीत. पार चिकट झालीय. कुणी घेत नाही तुझी, झोप.